रामानुजन यांची शिष्यवृत्ती

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली तमिळ प्रदेशातील इरोड गावी झाला. त्यांचे वडील कुंभकोणम येथे कापडाच्या दुकानात कारकून होते. घरची स्थिती बेताचीच होती. १९०४ साली रामानुजन यांस कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. परंतु गणितापुढे त्यांस दुसरे काही सुचेना. ते इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. मद्रासला जाऊन त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. पुढे कित्येक वर्षे हालांत गेली. १९१२ साली मद्रास बंदराच्या कचेरीत त्यांस दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली.

१९१३ साली मद्रास विद्यापीठाने, पदवी नसतानाही, त्यांस संशोधनासाठी दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पोटाची चिंता मिटली. सारा दिवस गणिताचा झाला. पुढील वर्षी ते केंब्रिजला गेले. १९१८ साली रॉयल सोसायटी या इंग्लंडमधील विख्यात शास्त्रसंस्थेने त्यांस आपले सभासद केले.

शिष्यवृत्तीवाचून शिक्षण कसे तुटते, हे रामानुजन यांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच मद्रास विद्यापीठाने त्यांस वर्षाला २५० पौंड देऊ केले, तेव्हा गरजेपुरते ठेवून उरलेली रक्कम गरीब व अनाथ मुलांच्या शिक्षणास द्यावी, असे त्यांनी १९१९ साली कळविले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, हा थोर गणिती निवर्तला.