न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : दीन, समाज आणि व्यवसाय

आपल्या मुलाने शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे, देशोदेशीच्या व्यापारात नाव काढावे, असे प्रत्येक पालकाला वाटते. पण मनात एक धास्तीही असते. परक्या भाषेत शिकलेला, परक्या लोकांत वावरणारा मुलगा आपला राहील काय? मुलाच्या मनात दुसरीच शंका असते. आपले नाव ऐकूनच दार बंद होणार नाही ना? या दोन्ही शंका आजच्या नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या एका व्यापारी घराण्यापुढेही त्या होत्या. त्यांचे उत्तर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या चरित्रात मिळते.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील तय्यब अली हे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा जमातीचे. गरिबीतून वर येऊन त्यांनी व्यापारात जम बसविला. मुंबई बंदरात परदेशी जहाजे येत, परदेशी पेढ्यांशी व्यवहार होत, आणि ते सर्व कागदपत्र व कायदा इंग्रजीत चाले. ही भाषा व हा कायदा आपल्या मुलांना आला पाहिजे, हे त्या व्यापाऱ्याने ओळखले. इंग्रजी शिक्षणाकडे समाजात संशयाने पाहिले जात असताना त्यांनी मुलांना युरोपला पाठविले. त्याच वेळी घरची गुजराती बोली सोडून त्यांनी घरात हिंदुस्थानी सुरू केली. मुलांनी जग पाहावे आणि व्यापक मुस्लिम समाजाशीही नाते जोडावे, असा दुहेरी विचार त्यामागे होता.

बद्रुद्दीन यांचे पहिले शिक्षण मदरशात झाले. तेथे हिंदुस्थानी व फारसी शिकून ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. १८६० मध्ये ते इंग्लंडला रवाना झाले. डोळ्यांच्या विकारामुळे शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परत यावे लागले. पण ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. समोरचे बॅरिस्टर इंग्रज, न्यायाधीशही बहुतेक इंग्रज. अशा ठिकाणी एका हिंदी मुसलमान तरुणावर पक्षकारांनी विश्वास का ठेवावा? थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर होते, त्यांचा आधार मिळाला. परंतु आधाराने पहिले काम मिळते, दुसरे काम पहिल्या कामाच्या दर्जावर मिळते. अभ्यास, स्वच्छ मांडणी आणि सचोटी यांच्या जोरावर त्यांची गणना थोड्याच वर्षांत नामांकित बॅरिस्टरांत होऊ लागली.

यश मिळाल्यावर त्यांनी समाजाकडे पाठ फिरविली नाही. १८७४ मध्ये बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोगे आदी मंडळींसह त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. बोहरा, खोजा, मेमन, कोकणी अशा जमातींत वाटलेल्या मुंबईच्या मुसलमानांना शिक्षणासाठी एकत्र आणणे सोपे नव्हते. १८८० मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. बोरीबंदर स्थानकासमोरील तिची भव्य इमारत आजही उभी आहे. स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शिकविले आणि पडद्याच्या कडक चालीवर उघड टीका केली. त्याबद्दल स्वकीयांचा रोष पत्करला.

१८८७ मध्ये मद्रास येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमदखान यांच्यासारख्या थोर पुढाऱ्याला मुसलमानांनी सभेत जाणे मान्य नव्हते. बद्रुद्दीन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहाराने वाद केला, पण आदर सोडला नाही. सर्व देशाच्या प्रश्नांत सर्वांबरोबर राहावे आणि समाजाच्या खास प्रश्नांत समाजाचे म्हणणे निर्भयपणे मांडावे, अशी त्यांची भूमिका होती.

१८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हा मान मिळविणारे ते पहिले मुसलमान. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. सरकार खवळलेले होते. आधी जामीन नाकारला गेला होता. ऑगस्टमध्ये अर्ज पुन्हा न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला. आरोपी खटल्याला हजर राहील काय आणि त्याला बचावाची तयारी करता येईल काय, एवढेच त्यांनी पाहिले आणि जामीन मंजूर केला. आरोपी कोणत्या धर्माचा, सरकारला काय आवडेल, हे प्रश्न त्यांच्या न्यायासनापर्यंत पोहोचले नाहीत. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, परकी विद्या घेऊन बद्रुद्दीन परके झाले नाहीत. कारण घराने त्यांना विद्येबरोबर स्वतःची भाषा आणि समाजाची जबाबदारीही दिली होती. विद्यार्थी मित्रहो, नावामुळे एखादे दार उशिरा उघडेल, हे खोटे नाही. त्यांच्यासाठीही ते सहज उघडले नव्हते. पण त्यांनी नाव लपविले नाही आणि नावाच्या जोरावर सवलतही मागितली नाही. काम इतके चोख केले की त्या नावालाच वजन आले. आपल्या मागून येणाऱ्यांसाठी ते दार त्यांनी उघडे ठेवले. आपल्यापैकी जो पुढे जाईल, त्याच्याकडून समाजाची एवढीच अपेक्षा आहे.