कार्ल लिनियस : झाडांना नावे देणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रांनो, कुंडीत कधी कधी आपण न लावलेलंच रोप उगवतं. कोणी म्हणतं मिरची, कोणी म्हणतं वांगं. हे कशाचं रोप? हाच प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या शास्त्रज्ञाची आज ओळख करून घेऊ.

कार्ल लिनियस यांचा जन्म २३ मे १७०७ रोजी स्वीडनमधील रोशूल्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते, पण बागेची त्यांना फार हौस. लहानगा कार्ल त्यांना प्रत्येक झाडाचे नाव विचारी आणि विसरला की बोलणी खाई! शाळेत त्याचे लक्ष लागेना. हा मुलगा धर्मोपदेशक होणार नाही, असे शिक्षकांनी वडिलांना सांगितले. पण रोथमन नावाच्या एका शिक्षकाने त्याची आवड ओळखली आणि त्याला वैद्यकशास्त्राकडे वळवले. त्या काळी औषधे बहुतेक वनस्पतींचीच, त्यामुळे डॉक्टरला झाडे ओळखावीच लागत.

तेव्हा एकेका झाडाचे लॅटिन नाव म्हणजे अख्खे वाक्यच असे. १७५३ साली लिनियस यांनी आपल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे सुटसुटीत नाव दिले. आपल्या जास्वंदीचे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे नाव त्यांचेच, बरं का! झाड ओळखायला ते पानांपेक्षा फुलातील पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजत.

पण एका रानफुलाने त्यांनाही कोड्यात टाकले. १७४२ साली एका विद्यार्थ्याला स्टॉकहोमजवळच्या बेटावर सापडलेले झाड त्यांच्यासमोर आले. खोड, पाने सगळे ओळखीच्या लिनारियासारखे. लिनारियाच्या फुलाला तेरड्यासारखी एक शेपटी आणि चार पुंकेसर असतात. इथे मात्र शेपट्या पाच, पुंकेसरही पाच! कोणीतरी दुसरी फुले चिकटवली असावीत, असेच त्यांना आधी वाटले. मग त्यांनी जिवंत झाड मागवून तपासले. फुले खरी होती.

आता मोठी अडचण आली. नवी जात कधी निर्माण होत नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले होते. शिवाय पुंकेसर मोजले तर हे झाड त्यांच्याच पद्धतीत वेगळ्या वर्गात जात होते! तरी त्यांनी ते झाड लपवले नाही. राक्षस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला पेलोरिया नाव दिले आणि १७४४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. दोन जातींच्या संकरातून ते झाले असावे, हा त्यांचा अंदाज चुकीचा होता. झाडातील एक जनुक बंद पडल्याने फूल बदलते, हे १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. पण नवी जात होत नाही, हे आपले वाक्य लिनियस यांनी नंतरच्या एका आवृत्तीतून काढून टाकले. १० जानेवारी १७७८ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, नावे देणारा माणूसही एका झाडापुढे थांबला आणि आपले मत तपासून पाहू लागला. हाच त्यांचा खरा मोठेपणा!

करून पहा : तुमच्या कुंडीत अनोळखी रोप आले तर लगेच उपटू नका. फूल येऊ द्या. पाकळ्या, पुंकेसर मोजा, वहीत चित्र काढा, घरातल्या मोठ्यांना नाव विचारा. आणि हो, ओळख पटेपर्यंत त्याचे पान किंवा फळ तोंडात घालू नका.