दृष्टिदानाचा सेवक : डॉ. सर हेन्री हॉलंड

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदा येथील एका आंधळ्या मनुष्याची हकीकत आली आहे. प्रभू येशूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले तेव्हा त्याला प्रथम माणसे दिसली, पण ती चालत्या झाडांसारखी. प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवले तेव्हा कोठे त्याला सर्व काही स्पष्ट दिसू लागले. एकच चमत्कार दोन टप्प्यांत का घडावा, हा प्रश्न पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांना नेहमीच पडत आला आहे. त्याचे उत्तर कोणतेही असो, जुन्या काळातील नेत्रवैद्यांना हा प्रसंग परका वाटला नसता. मोतीबिंदू काढलेल्या रुग्णाची पट्टी सुटली की त्याला उजेड दिसे, माणसांच्या आकृती हलताना दिसत. परंतु जाड भिंगांचा चष्मा नाकावर येईपर्यंत समोरचा चेहरा आपल्या मुलाचा की परक्याचा, हे काही कळत नसे. हे दृश्य ज्यांनी आपल्या आयुष्यात हजारो वेळा पाहिले, अशा एका ख्रिस्ती डॉक्टरांचे हे चरित्र आहे.

हेन्री ट्रिस्ट्रम हॉलंड यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७५ रोजी इंग्लंडमधील डरहॅम येथे झाला. वडील पाळक होते. ट्रिस्ट्रम हे नाव त्यांना आजोळाकडून मिळाले. आजोबा कॅनन हेन्री बेकर ट्रिस्ट्रम यांनी पॅलेस्टाईनच्या भूमीत हिंडून तेथील पशुपक्ष्यांचा व वनस्पतींचा अभ्यास केला होता. पवित्र शास्त्रातील प्राणी नेमके कोणते, हे ठरविताना त्यांच्या ग्रंथांचा आधार आजही घेतला जातो. अशा घराण्यात वाढलेल्या हेन्रीला पुस्तकांपेक्षा मोकळ्या रानाची, घोड्यांची आणि नदीवरील मासेमारीची गोडी अधिक होती. एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्याने मिशनकार्याला वाहून घेण्याचा निश्चय केला. १८९९ साली पदवी मिळाली आणि १९०० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने तो हिंदुस्थानात आला.

त्याची नेमणूक क्वेट्टा येथे झाली. आज पाकिस्तानात असलेले हे शहर बलुचिस्तानच्या उजाड डोंगरांनी वेढलेले आहे. उन्हाळ्यात रखरखीत ऊन व धूळ, हिवाळ्यात बर्फ. भोवताली पठाण, बलुची आणि ब्राहुई टोळ्यांची वस्ती होती. टोळ्यांमधील वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असत, आणि परदेशी ख्रिस्ती माणसाविषयी विश्वास वाटण्याचे त्या लोकांना काहीच कारण नव्हते. तरुण डॉक्टरांनी प्रथम त्यांची भाषा शिकून घेतली आणि मग त्यांच्या दुखण्यांकडे पाहिले. ती दुखणी पाहता पाहता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. या मुलखात आंधळेपणाइतके दुसरे दारिद्र्य नव्हते.

त्याची कारणे अनेक होती. पहिले कारण खुपरी. पापण्यांच्या आतील बाजूस रवाळ पुरळ उठते, ते वारंवार बरे होऊन पुन्हा उठते, त्याचे व्रण आक्रसून पापणी आत वळते आणि पापणीचे केस प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळ खरवडत राहतात. पाण्याचा तुटवडा आणि माश्यांचा सुळसुळाट जेथे असतो तेथे हा संसर्ग घरोघर पसरतो. दुसरे कारण काचबिंदू. यात डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू मरते. एकदा गेलेली दृष्टी परत आणण्याचा उपाय तेव्हाही नव्हता व आजही नाही. तिसरे आणि सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू. डोळ्यातील पारदर्शक भिंग पांढरे पडले की प्रकाश आत जाण्याची वाटच बंद होते. गावोगाव फिरणारे काही वैद्य सुईने ते भिंग डोळ्याच्या आत ढकलून देत. रुग्णाला तत्काळ दिसे, वैद्य आपले पैसे घेऊन पुढच्या गावाला जाई, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत डोळा सुजून कायमचा निकामी होई.

डॉ. हॉलंड यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हेच आपले मुख्य कार्य मानले. त्याच सुमारास पंजाबात जालंदर येथे हेन्री स्मिथ नावाचे सरकारी शल्यवैद्य भिंग त्याच्या आवरणासकट अखंड बाहेर काढण्याची पद्धत रुजवीत होते. नेत्रवैद्यकाचे एक मोठे विद्यालयच जणू त्या काळी वायव्य हिंदुस्थानात भरले होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून कित्येक दिवस उताणे, निश्चल पडून राहावे लागे. खोकला आला तरी जखम उघडण्याची भीती असे. म्हणून सोबत आलेले आप्तेष्ट उशाशी बसून त्याची काळजी घेत. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक टाके घालण्याचे तंत्र त्या काळी नव्हते. शल्यवैद्याचा हात हाच सर्व भरवसा होता.

या कार्याला खरी व्याप्ती आली ती सिंधमधील शिकारपूर या व्यापारी गावामुळे. तेथील एक दानशूर हिंदू गृहस्थ सेठ हिरानंद यांनी डॉक्टरांना आपल्या गावी येऊन नेत्रशिबिर चालविण्याची विनंती केली आणि खर्चाचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. रुग्णांना प्रभू येशूची सुवार्ता सांगण्याची मोकळीक असावी, एवढीच डॉक्टरांची अट होती. सेठजींनी ती मान्य केली. क्वेट्ट्यात बर्फ पडू लागले की तेथील काम मंदावे. त्या दिवसांत डॉक्टर डोंगर उतरून शिकारपुरास येऊ लागले. वर्षे लोटली तसा या शिबिराचा लौकिक एवढा वाढला की सहा-आठ आठवड्यांच्या अवधीत तेथे हजारांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. इंग्लंड-अमेरिकेतील नेत्रवैद्य स्वखर्चाने तेथे येत आणि आपल्या देशात वर्षानुवर्षांत मिळणार नाही एवढा अनुभव थोड्या आठवड्यांत पदरी बांधून परत जात.

येथे वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. दृष्टी देणे हे धर्मप्रसाराचे आमिष होते काय? हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई आणि आजही आपल्या देशात ख्रिस्ती रुग्णालयांना विचारला जातो. तो टाळण्यात अर्थ नाही. डॉ. हॉलंड यांनी आपला विश्वास कधीच झाकून ठेवला नाही. परंतु त्यांच्या शस्त्रक्रियेच्या मेजावर येणारा मनुष्य हिंदू होता, मुसलमान होता, शीख होता. त्याने बरे झाल्यावर आपल्या धर्मात राहूनच घरी जावे, यात डॉक्टरांच्या दृष्टीने त्या शस्त्रक्रियेचे काहीच उणे होत नव्हते. बलुचिस्तानात बाप्तिस्मा घेणारे फार थोडे निघाले. शस्त्रक्रिया हे आमिष असते, तर एवढ्या तुटपुंज्या फळावर ते केव्हाच निराश होऊन परतले असते. ते जवळजवळ अर्धशतक तेथे राहिले. आपल्या मिरजेत १८९४ साली रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनीही हाच मार्ग चोखाळला होता, हे मराठी वाचकांना सांगावयास नको.

३१ मे १९३५ च्या पहाटे तीनच्या सुमारास क्वेट्टा शहर भूकंपाने कोसळले. ३०,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली. पस्तीस वर्षांच्या कष्टांतून वाढलेले मिशनचे रुग्णालय क्षणार्धात मातीचा ढिगारा झाले. डॉ. हॉलंड स्वतः ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते; त्यांचे पुत्र डॉ. हॅरी यांनी त्यांना बाहेर काढले. तेव्हा त्यांचे वय साठ वर्षांचे होते. आता मायदेशी जाऊन विसावा घ्यावा असे त्यांनी म्हटले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. परंतु त्यांनी ढिगाऱ्यातून वाचलेल्यांची शुश्रूषा केली आणि नंतर रुग्णालय पुन्हा उभारण्यासाठी निधी जमविण्याचे काम हाती घेतले. ज्यांचे डोळे त्यांनी उघडले होते त्या मुलखाने त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविले नाही. रुग्णालय पुन्हा उभे राहिले. १९३६ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

हॅरी आणि रोनाल्ड हे त्यांचे दोन्ही पुत्र डॉक्टर होऊन त्याच कार्यात उतरले. पत्नी एफी यांची साथ तर १९१० पासून होतीच. १९४७ साली फाळणी झाली. शिकारपूरचे बहुसंख्य हिंदू घरदार सोडून भारतात आले. त्यांतील कित्येक कुटुंबे मुंबई, पुणे, उल्हासनगर अशा ठिकाणी स्थायिक झाली. ज्या समाजाच्या औदार्यावर नेत्रशिबिर उभे राहिले तो समाजच पांगला. परंतु शिबिर बंद पडले नाही. १९४८ साली डॉ. हॉलंड निवृत्त झाले, तरी त्यानंतरही ते हिवाळ्यात शिकारपुरास येऊन शस्त्रक्रिया करीत राहिले. १९५८ साली ज्या मॅगसेसे पुरस्काराने आचार्य विनोबा भावे यांचा गौरव झाला होता, तोच पुरस्कार १९६० साली सार्वजनिक सेवेसाठी सर हेन्री व डॉ. रोनाल्ड या पितापुत्रांना मिळून देण्यात आला. १९६५ च्या सप्टेंबरात, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, सर हेन्री प्रभूजवळ विसावले. लाखभर माणसांची दृष्टी त्यांच्यामुळे वाचली, असा अंदाज केला जातो.

त्यांच्यानंतर नेत्रवैद्यकाने मोठी मजल मारली आहे. १९४९ साली लंडन येथे हॅरोल्ड रिडली यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसविले. आज ही सर्वसामान्य शस्त्रक्रिया झाली आहे. लहानशा छेदातून गढूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात, घडी घातलेले नवे भिंग आत सरकवितात, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. माणसे झाडांसारखी दिसण्याचा तो मधला टप्पा आता जवळजवळ संपला आहे. खुपरीवर प्रतिजैविके, स्वच्छ पाणी व पापणीची शस्त्रक्रिया या उपायांनी मात करण्यात आली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांतून हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. क्वेट्ट्याच्या त्या तरुण डॉक्टरांना ही वार्ता ऐकून किती आनंद झाला असता!

मात्र दोन शत्रू अजून दाराशी उभे आहेत. काचबिंदू पुष्कळदा वेदना न देता येतो आणि दृष्टी कडेकडेने चोरीत जातो. वेळीच ओळखला तर थेंबांचे औषध, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनी उरलेली दृष्टी राखता येते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडतात. रक्तातील साखरेवर ताबा, लेसर आणि डोळ्यात देण्याची इंजेक्शने यांनी तेथेही बरेच काही वाचविता येते. दोन्हींत उपचाराचे यश एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे रुग्ण डॉक्टरांकडे केव्हा पोहोचतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, घराण्यात काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रत्येक मधुमेही व्यक्तीने, दिसत असले तरीही, ठराविक काळाने डोळे तपासून घ्यावेत.

आपल्या मंडळ्यांत अशी वडीलधारी माणसे असतात की ज्यांना गीतांच्या पुस्तकातील अक्षरे दिसेनाशी झाली आहेत. म्हातारपण आले, असे म्हणून ती गप्प बसतात आणि आपणही त्यांना तसेच बसू देतो. बेथसैदाच्या त्या आंधळ्याला कोणीतरी हाताला धरून प्रभूकडे आणले होते. ती माणसे कोण होती हे मार्काने लिहून ठेवलेले नाही. परंतु त्यांच्यावाचून ती हकीकत घडलीच नसती. शल्यवैद्याचे कौशल्य थोड्यांनाच लाभते. एखाद्या वृद्धाला हाताला धरून नेत्रतपासणीस नेणे मात्र आपणांपैकी कोणालाही अशक्य नाही.