परवान्याविना आलेले कॅरी

मराठी व्याकरणाचा इतिहास धुंडाळू लागले की १८०५ साली श्रीरामपूरला मुक्काम करावाच लागतो. हे श्रीरामपूर आपल्या ऊसपट्ट्यातले नव्हे. हुगळीच्या काठचे, त्या काळी डेन्मार्कच्या अंमलाखालचे. तेथे विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला आणि त्यासाठी मोडी लिपीचे खिळे वापरले. वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य त्यांना लाभले होते. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून भेटणारे कॅरी असे ग्रंथांच्या राशीत बसलेले, स्थिरस्थावर झालेले असतात. परंतु या देशातले त्यांचे पहिले वर्ष असे गेले की, मायदेशी परतले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

१७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. व्यवसायाने ते जोडे शिवणारे. शिवताशिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा भाषा त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या. पुढे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. परदेशी जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणे हे आपल्या मंडळींचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादणारी पुस्तिका त्यांनी १७९२ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथील एका घरात मूठभर धर्मोपदेशक जमले आणि त्यांनी मिशनरी संस्था स्थापन केली. त्या दिवशी वर्गणीचे आकडे पडले ते अवघे १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स!

बंगालमध्ये राहून आलेले डॉक्टर जॉन थॉमस त्यांना सहकारी म्हणून मिळाले. थॉमस वैद्यकीत निष्णात, बोलण्यात ओघवते, श्रद्धेत कळकळीचे. मात्र पैशाच्या व्यवहारात कमालीचे बेभरवशाचे. घेणेकऱ्यांचा ससेमिरा त्यांच्या मागे लंडनमध्येही होता आणि कलकत्त्यातही. त्यातच ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. १७९३ मध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले, तेव्हा मिशनऱ्यांना वाव देणारे कलम घालण्याचा विल्बरफोर्स यांचा प्रयत्न पार्लमेंटमध्ये फसला होता. परवान्याशिवाय कंपनीच्या जहाजात बसलेल्या या दोघांना किनारा सोडण्यापूर्वीच उतरवण्यात आले.

या फजितीमुळे एक वेगळीच गोष्ट घडली. कॅरी यांच्या पत्नी डोरोथी यांनी सोबत येण्यास नकार दिला होता आणि थोरला मुलगा फेलिक्स तेवढा वडिलांबरोबर निघाला होता. डोरोथी त्या वेळी गरोदर होत्या. मे १७९३ च्या आरंभी त्यांना चौथा मुलगा झाला. विवाहाच्या वेळी ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, ज्यांच्या दोन मुली लहानपणीच दगावल्या होत्या, अशा या स्त्रीने सहा हजार कोसांवरच्या वाटाव्या अशा मुलखात जाण्यास का कू केली, यात नवल ते काय? कॅरी आणि थॉमस अवचित परत आले, त्यांनी पुन्हा गळ घातली आणि बहीण किटी सोबत येत असेल तर येईन, या अटीवर त्या तयार झाल्या. कॅरी यांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग बहुधा दैवी योजनेचा भाग म्हणून रंगवला आहे. डोरोथी यांच्या बाजूने पाहिले तर तो तसा दिसत नाही.

१३ जून १७९३ रोजी त्यांनी डेन्मार्कचे जहाज पकडले; तेथे कंपनीच्या परवान्याची अट नव्हती. पाच महिन्यांच्या प्रवासात कॅरी थॉमस यांच्याकडून बंगाली शिकत राहिले. ११ नोव्हेंबरला मंडळी कलकत्त्यात पोहोचली, पण राजरोस बंदरावर नव्हे. अधिकाऱ्यांची नजर चुकवण्यासाठी अलीकडेच जहाज सोडून ती लहान होडीने नदीतून वर आली होती.

खर्चाची तरतूद म्हणून इंग्लंडहून विक्रीचा माल आणला होता. तो विकण्याचे काम थॉमस यांच्याकडे होते. काही आठवड्यांतच पैसे संपले आणि वर कर्जही झाले. थॉमस यांनी कलकत्त्यात वैद्यकी सुरू केली. कॅरी कुटुंब आधी बांदेलला, मग पुन्हा शहरात आणि शेवटी माणिकतल्याला एका लहानशा घरात गेले. हे घर भाड्यावाचून दिले होते नीलू दत्त या बंगाली सावकाराने, आणि तो थॉमस यांचा घेणेकरी होता! गोऱ्यांच्या वस्तीतून मात्र मदत मिळेना. जानेवारी १७९४ मध्ये कॅरी पायपीट करीत डेव्हिड ब्राऊन या चॅप्लेनकडे गेले. थॉमस यांच्याशी वितुष्ट असल्याने त्यांनी या पाहुण्याला साधे खाणेपिणेही विचारले नाही.

घरात डोरोथी आणि थोरली मुले रक्ताच्या आवेने अंथरुणाला खिळली होती. शहरात गोरे लोक थाटात राहतात आणि आपण मात्र येथे पावालाही महाग, ही बोच दोघी बहिणी बोलून दाखवीत. कॅरी यांच्या त्या दिवसांच्या रोजनिशीत कलहाच्या आणि एकटेपणाच्या नोंदी वारंवार येतात. दिवसाचे काही तास मात्र मुनशी रामराम बसू यांच्याजवळ बसून बंगालीच्या अभ्यासात जात. हेच रामराम बसू पुढे १८०१ मध्ये राजा प्रतापादित्याचे चरित्र लिहून बंगाली गद्याच्या इतिहासात अजरामर झाले.

फेब्रुवारीत उसने पैसे घेऊन कुटुंब होडीने सुंदरबनाकडे निघाले. तेथे जंगल तोडून कसायला जमीन मिळेल, पहिली काही वर्षे सारा पडणार नाही, असे कळले होते. वाघांचा मुलूख, खारे पाणी, आणि होडीत आजारी बायकामुले. देभट्ट्याला, जे आज बांगलादेशात आहे, कंपनीच्या मिठाच्या कामावर चार्ल्स शॉर्ट नावाचे अधिकारी होते. धर्माच्या बाबतीत ते उदासीनच. तरी त्यांनी या अनोळखी कुटुंबाला आपल्या बंगल्यात आसरा दिला, मर्जीस येईल तितके दिवस राहा म्हणून सांगितले. कॅरी बांबूचे घर उभारू लागले. किटी यांनी पुढे शॉर्ट यांच्याशीच विवाह केला. डोरोथी यांचा एकुलता एक आधार अशा रीतीने मागे राहिला.

मार्चच्या आरंभी थॉमस यांचे पत्र आले. मालद्याचे कंपनीचे अधिकारी जॉर्ज उडनी नीळ कारखाने काढीत होते. मदनाबाटीचा कारखाना कॅरी यांनी सांभाळावा, दरमहा २०० रुपये आणि विक्रीवर हिस्सा मिळेल, असा प्रस्ताव होता. २३ मेला निघालेली होडी १५ जूनला मालद्याला पोहोचली. पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत नीळ कापायची, हौदांत भिजवायची, पाणी घुसळून गाळ खाली बसवायचा, वाळवून वड्या पाडायच्या. बाकीचे वर्ष बरेचसे मोकळे. शिवाय नीळवाला म्हणून कंपनीचा रहिवासाचा परवानाही मिळाला. धर्मोपदेशकाला जे दार बंद होते, ते व्यापाऱ्याला उघडे होते. याच धंद्याने पुढे बंगालच्या रयतेची काय दशा केली आणि १८५९ मध्ये उठाव का झाला, हे वाचकांना ठाऊक आहेच.

पगार सुरू होताच कॅरी यांनी संस्थेला कळवले की, आपल्याला यापुढे पैशाची गरज नाही, ते दुसऱ्या मोहिमेसाठी वापरावेत. मागवली ती बियाणी आणि शेतीची अवजारे, तीही स्वखर्चाने.

पहिला पावसाळा सरता सरता तापाने गाठले. कॅरी मरता मरता वाचले. पाच वर्षांचा पीटर ऑक्टोबरात गेला. शव पुरायला कोणी पुढे येईना. जात जाईल, या भयाने गावातले सारे मागे सरले. अखेर चार मुसलमानांनी खड्डा खणला, आणि त्यापायी गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. शवपेटी उचलायला तर तेही धजेनात. स्वतः आजारातून नुकतेच उठलेले आईवडीलच ती उचलण्याच्या विचारात होते, तोच घरचा मेहतर आणि जातीबाहेर पडलेला एक पोरगा तयार झाले.

वर्षभराच्या या खटाटोपात एकाही माणसाने धर्मांतर केले नव्हते. पहिला बाप्तिस्मा व्हायला डिसेंबर १८०० उजाडावे लागले. इंग्लंडहून पत्रे आली तीही १७९५ च्या मे महिन्यात, निघाल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. आपला माणूस नीळ कारखान्यात रमून मिशनचे काम विसरेल की काय, ही संस्थेची काळजी नंतरच्या पत्रव्यवहारात उमटली आणि कॅरी यांना ती फार लागली. तोवर मदनाबाटीच्या घरात डोरोथी यांचे मन ताळ्यावर राहिले नव्हते. १८०७ मध्ये श्रीरामपूरला मृत्यू येईपर्यंत त्या सावरल्या नाहीत.