प्रश्न विचारणारा भाषांतरकार

नवव्या शतकाच्या पूर्वार्धातली गोष्ट. बगदादमध्ये यूहन्ना इब्न मासवैह या नामांकित वैद्याच्या घरी शिकायला येणाऱ्यांची दाटी असे. त्यांत हीरा गावाहून आलेला एक पोरगा होता. नाव हुनैन इब्न इसहाक, जन्म इ. स. ८०९ च्या सुमाराचा. बाप औषधे विकणारा, घराणे नेस्टोरियन पंथाच्या अरब ख्रिश्चनांचे. पोराला एक खोड होती. गुरुजींनी एक वाक्य सांगावे, की याचे दोन प्रश्न तयार! एके दिवशी यूहन्नांचा संयम सुटला. हीराच्या लोकांना वैद्यकी कशाला हवी, त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून नाणी मोडून द्यावीत, असे सुनावून त्यांनी त्याला बाहेर काढले. पोरगा रडत गेला, असे जुने अरबी चरित्रकार सांगतात.

रागाचे कारण निव्वळ प्रश्न नव्हते. यूहन्ना गुंदेशापूरच्या वैद्यपरंपरेतले आणि हीरा पडले व्यापाऱ्यांचे गाव. विद्या आपल्याच माजघरात राहावी ही वृत्ती आपल्यालाही काही अपरिचित नाही.

त्यानंतर काही वर्षे हुनैन कोणाला दिसला नाही. मग एका ओळखीच्या माणसाला बगदादमधल्या एका घरात लांब केस वाढवलेला एक तरुण येरझाऱ्या घालत होमरचे काव्य मूळ ग्रीकमध्ये म्हणताना दिसला. तो हुनैनच होता. ग्रीक पक्की येईपर्यंत वैद्यक शिकायचे नाही, असा पण त्याने केला होता. पुढे त्याची भाषांतरे पाहून दरबारी वैद्य जिब्रील चकित झाला. आणि ज्या यूहन्नांनी त्याला हाकलले, तेच पुढे त्याच्याकडून ग्रंथ भाषांतरित करून घेऊ लागले.

त्या काळी बगदादच्या श्रीमंतांना ग्रीक विद्येचे वेडच लागले होते. (चरक-सुश्रुतही त्याआधीच अरबीत पोचले होते.) खलिफा अल-मामून स्वतः या विद्येचा चाहता. मुसाचे तीन मुलगे हे गणिती बंधू भाषांतरकारांवर महिन्याला सुमारे ५०० दिनार खर्चत. ख्रिस्ती वैद्यांना ग्रंथ हवे असत सुरियानीत. केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांच्या उपासनेत आजही ही भाषा ऐकू येते. मुसलमान आश्रयदात्यांना ते अरबीत हवे असत. हुनैनला दोन्ही भाषा येत आणि ग्रीकही. त्याचा मुख्य विषय गॅलेन. दुसऱ्या शतकातल्या या ग्रीक वैद्याने इतके लिहून ठेवले होते, की एका माणसाचे आयुष्य ते वाचण्यातच जावे.

हुनैनचे मोठेपण मला दिसते ते त्याच्या कामाच्या रीतीत. आधीचे भाषांतरकार शब्दाला शब्द ठेवत. वाचणाऱ्याला कळले तर त्याचे नशीब. हुनैन आधी पूर्ण वाक्याचा अर्थ मनात धरी आणि मग तो सुरियानीत किंवा अरबीत मांडी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका पोथीवर तो विश्वासत नसे. वैद्यकातल्या पंथांवरचा गॅलेनचा एक छोटा ग्रंथ त्याने विशीत, एका सदोष पोथीवरून उतरवला होता. चाळिशीच्या सुमारास हुबैश या शिष्याने, जो त्याचा भाचाही होता, तो दुरुस्त करून मागितला. तोवर हुनैनजवळ त्याच ग्रंथाच्या अनेक ग्रीक पोथ्या जमल्या होत्या. त्या एकमेकींशी ताडून त्याने आधी शुद्ध ग्रीक पाठ सिद्ध केला आणि मगच भाषांतराला हात घातला. ही आपली नेहमीचीच पद्धत आहे, असे तो लिहितो. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीसाठी एकनाथांनी घेतलेले कष्ट ज्यांना माहीत आहेत, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

पोथ्यांसाठी त्याची वणवण चाले. तर्कसिद्ध प्रमाण कसे द्यावे यावरचा गॅलेनचा ग्रंथ शोधत तो इराक, सीरिया, पॅलेस्टाईन करीत थेट इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती काय लागले? दमास्कसमध्ये जेमतेम अर्धा ग्रंथ!

डोळ्यावर त्याने स्वतः दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पोथ्यांत डोळ्याच्या रचनेच्या आकृत्या आहेत. डोळ्याच्या आतल्या पडद्याला ग्रीकांनी जाळ्याची उपमा दिली होती. अरबीत तोच अर्थ ठेवून शब्द आला, त्याचे लॅटिन झाले आणि त्यातूनच आजचा ‘रेटिना’ निघाला.

दिवसभर राबणारा हा माणूस कोरडा मात्र नव्हता. रोज घोड्यावरून रपेट, मग स्नान, मग पेलाभर मद्य, थोडी झोप, रात्री रश्श्यात शिजवलेली गुबगुबीत कोंबडी आणि रोटी, असा त्याचा दिनक्रम चरित्रकारांनी हौसेने नोंदला आहे.

त्याचे वैभव फार काळ निर्वेध राहिले नाही. खलिफा मुतवक्किलने (कारकीर्द ८४७ ते ८६१) त्याला शत्रूसाठी एक जालीम विष बनवायला सांगितले. बक्षिसाचे आमिषही दाखवले. आपण उपकारक औषधेच शिकलो आहोत, असे म्हणून हुनैनने नकार दिला. त्याला वर्षभर कैदेत टाकले. तिथेही त्याची लेखणी थांबली नाही. वर्षाने पुन्हा तोच हुकूम झाला, या वेळी समोर तलवार होती. उत्तर तेच. तेव्हा खलिफा हसला आणि ही परीक्षा होती, असे म्हणाला. नकाराचे कारण विचारल्यावर हुनैनने दोन कारणे सांगितली. धर्म शत्रूचेही भले करायला सांगतो आणि वैद्यकाची शपथ प्राणघातक औषध द्यायला मनाई करते. कथेला दरबारी रंग चढला असेल. पण दरबारात वैद्यावर विश्वास टाकणे म्हणजे काय, हे तिच्यातून नेमके कळते.

परक्यांपेक्षा स्वकीयांचा वार जिव्हारी लागला. हुनैनच्या नावावरच्या एका आत्मकथनानुसार, हेवा करणाऱ्या ख्रिस्ती वैद्यांनी त्याला एका धार्मिक चित्राच्या प्रकरणात गोवले. फटके बसले, तुरुंग घडला, मालमत्ता जप्त झाली. त्याचा ग्रंथसंग्रह गेला हे तर निश्चित. गॅलेनचे कोणकोणते ग्रंथ कोणी भाषांतरित केले, असे अली इब्न यह्या या गृहस्थाने विचारले तेव्हा, ८५६ च्या सुमारास, देशोदेशी हिंडून जमवलेली सगळी पुस्तके आपण एकदम गमावली, असे सांगून हुनैनने यादी आठवणीतून लिहून काढली. १२९ ग्रंथांची! प्रत्येकापुढे तो कोणी, कोणासाठी आणि कसा उतरवला याची नोंद, स्वतःच्या जुन्या कच्च्या कामाचीसुद्धा. त्यांतले ९० हून अधिक त्याने सुरियानीत आणि ३० हून अधिक अरबीत नेले होते. बाकीचे पुष्कळसे काम हुबैशचे आणि मुलगा इसहाकचे.

हुनैन ८७३ च्या सुमारास वारला. त्याच्या वैद्यकप्रवेशिकेचे लॅटिन रूप युरोपातल्या विद्यार्थ्यांनी शतकानुशतके घोकले, आणि आपल्याकडच्या युनानी हकिमांचे रक्त, कफ, पित्त आणि काळे पित्त हे चार दोषही गॅलेनच्या याच अरबी वाटेने आले. शरीरविच्छेदनावरच्या गॅलेनच्या १५ भागांच्या ग्रंथाचे शेवटचे सहा भाग आणि नवव्याचा बराचसा मजकूर ग्रीकमध्ये आता उरलेलाच नाही. हुनैनने केलेल्या सुरियानी भाषांतरावरून हुबैशने ते अरबीत उतरवले, म्हणून आज वाचता येतात.

हुनैनला पुस्तकाच्या वजनाइतकी नाणी मिळत, अशी आख्यायिका आहे. बँकेच्या काउंटरमागे उमेदीची वर्षे घालवलेल्या मला यात लगेच गैरव्यवहाराची शक्यता दिसते, आणि ती जुन्या लोकांनाही दिसली होती. तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिया या दमास्कसच्या वैद्याने हुनैनच्या काळच्या काही पोथ्या स्वतः पाहिल्या. अक्षर ठळक, ओळी विरळ आणि कागद नेहमीच्या तीन-चार पानांइतका जाड. वजन वाढावे म्हणूनच हे केले असणार, असे त्याने लिहून ठेवले. आणि त्या जाड कागदामुळेच एवढ्या वर्षांनंतरही पोथ्या शाबूत राहिल्या, हेही.