आकड्यांची झडती घेणारे बाबासाहेब

वडाळ्याला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. आंबेडकर वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत पदवीसाठी गेलेली आपली मुले नमुना, प्रमाण विचलन, गृहीतकाची चाचणी हे शब्द ऐकून बिचकतात. काही जण तर विषयच बदलतात. त्यांच्यासाठी आम्ही बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातले, जयंतीच्या भाषणांत क्वचितच येणारे एक पान उलगडत आहोत.

परळच्या चाळीतल्या एकाच खोलीत रामजीबाबा भीमरावांना रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. 1907 साली मॅट्रिक, 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., आणि पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठ. आज वर्गात शिकवले जाणारे सांख्यिकी अनुमान तेव्हा घडत होते. फिशर यांचा संशोधकांसाठीचा प्रसिद्ध ग्रंथ 1925 सालचा. तरीही त्या शास्त्राच्या मुळाशी असलेला प्रश्न तरुण भीमरावांनी ओळखला होता: हातातल्या आकड्यांवरून नेमके किती म्हणता येते?

शिष्यवृत्ती संपल्याने 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. 1918 साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील लहान शेतांवरचा त्यांचा निबंध आला. त्या काळचे जाणकार सरासरी धारणक्षेत्र पाहून सांगत, की शेते फार लहान आहेत, ती मोठी करा. सरासरी खोटी नव्हती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा होता. शेत परवडते की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्या एकरांना बैल, अवजारे, भांडवल व श्रम किती लाभतात, हे पाहावे लागते. हे प्रमाण मांडल्यावर त्यांचा निष्कर्ष उलटाच निघाला. शेतकऱ्याजवळच्या तुटपुंज्या साधनांच्या मानाने शेते लहान नव्हे, मोठीच होती! खरा रोग शेतीवर लादलेल्या बेकार हातांचा, म्हणून उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीत. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले व 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डी.एस्सी. झाले. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आकड्यांची सर्वांत कठीण परीक्षा 1932 साली आली. बाबासाहेब लोथियन मताधिकार समितीचे सभासद होते. अस्पृश्यांची संख्या जितकी, तितका त्यांचा प्रतिनिधित्वाचा दावा बळकट. त्यामुळे संख्या घटविण्याची घाई सुरू झाली. संयुक्त प्रांतात जनगणना आयुक्तांच्या हिशेबाने अस्पृश्य 1 कोटी 26 लाख होते, प्रांतिक मताधिकार समितीने ते 6 लाखांवर आणले. बंगालमध्ये 1 कोटी 3 लाखांचे 70 हजार झाले. एवढी माणसे काही एका रात्रीत नाहीशी झाली नव्हती. कोणाला मोजायचे याची कसोटीच अरुंद केली गेली होती. बाबासाहेबांनी आपल्या स्वतंत्र टिपणात या कसोटीलाच हात घातला. प्रत्यक्ष स्पर्शाने विटाळ मानतात का, एवढेच विचारून चालणार नाही. मनात घर करून बसलेली विटाळाची कल्पनाही धरली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. शहरात आगगाडीच्या डब्यात कोणी कोणाची जात विचारीत नाही, म्हणून गावातली अस्पृश्यता सरत नाही. आमच्या मते, गणनेची कक्षा चुकली तर पुढची सूत्रे कितीही बिनचूक असली तरी उत्तर चुकते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात मिळणार नाही.

त्याआधी, मार्च 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणखर्चावर बोलताना त्यांनी एक छोटा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचत होती. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत लोटली जात होती. पटावरची संख्या पाहून समाधान मानणाऱ्या सरकारला त्यांनी गळतीचा आकडा दाखवला. सोलापूरचे बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह तेव्हा दोन वर्षांचे झाले होते.