धुराड्यांचा वैद्य : काउंट रम्फर्ड

कल्याणजवळ उल्हास नदीच्या काठी मोहने नावाचे गाव आहे. तेथे कृत्रिम रेशमाचा मोठा कारखाना होता, इ. स. २००९ मध्ये तो बंद पडला. अशा कारखान्याच्या भट्टीला उंच धुराड्याची जोड असते. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी बाहेरची थंड हवा भट्टीत ओढली जाते. या ओढीमुळे आग फुलते. परंतु राहत्या घरातील धुराड्याला अशीच ओढ असली व तिला आवर घालणारे काही नसले, तर तेच धुराडे घरातील ऊब पळवून नेते. ही गोष्ट प्रयोगाने जगाला पटवून देणारा शास्त्रज्ञ म्हणजे बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड होय.

२६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वोबर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो दोन वर्षांचा होण्यापूर्वीच त्याचे वडील वारले. तेराव्या वर्षी सेलम येथील एका व्यापाऱ्याच्या दुकानात तो उमेदवारी करू लागला. काम करता करता मिळेल तो ग्रंथ वाचावा आणि वाचलेले प्रयोग करून पाहावेत, हा त्याचा छंद होता.

पुढे अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटले. टॉम्सनने आपल्या देशबांधवांची बाजू न घेता इंग्रज राजाची बाजू घेतली आणि १७७६ मध्ये पत्नीला व तान्ह्या मुलीला मागे ठेवून तो इंग्लंडला निघून गेला. पत्नीची व त्याची पुन्हा कधीच भेट झाली नाही. त्याच्या चरित्रातील हा डाग पुसता येण्यासारखा नाही.

काही वर्षांनी तो जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या सेवेत गेला. म्यूनिक शहर तेव्हा भिकाऱ्यांनी गजबजलेले होते. १७९० मध्ये त्याने त्यांच्यासाठी उद्योगगृह काढले व त्यांना काम, अन्न आणि ऊब दिली. शेकडो माणसांचे अन्न रोज शिजवायचे, तर सरपण पुरणार कसे, असा प्रश्न उभा राहिला. उघड्या चुलीची उष्णता चोहोकडे वाया जाते, हे त्याने पाहिले आणि विस्तवाभोवती विटांचे बांधकाम करून बंदिस्त चुली बनविल्या. थोड्या सरपणात पुष्कळ अन्न शिजू लागले. या राज्यसेवेबद्दल त्याला काउंट ही पदवी मिळाली.

१७९५ मध्ये तो लंडनला परतला. तेथील घरांत भिंतीतच आगटी बांधलेली असे आणि तिच्यावरील धुराड्याचा घसा चांगला ऐसपैस असे. पुष्कळ कोळसा जाळूनही खोली गार राही. आगीसमोर बसणाऱ्याचे तोंड भाजे, तर पाठ काकडे. कारण खोलीतील ऊबदार हवा धुराड्यातून निघून जाई व दारे-खिडक्यांच्या फटींतून गार वाऱ्याचे झोत आत शिरत. लोक हवामानाला बोल लावीत. रम्फर्डने धुराड्यालाच दोषी ठरविले. त्याने घसा आकसून अवघा चार इंच रुंद केला. आगटीची मागची भिंत पुढे आणली व बाजूच्या भिंती तिरक्या बांधल्या. त्यामुळे धूर सरळ वर जाऊ लागला आणि आगीची उष्णता खोलीत फेकली जाऊ लागली. १७९६ मध्ये त्याने या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. थोड्या विटा व चुना यांवर भागणारा हा उपाय झपाट्याने पसरला. त्याचे एकस्व घेऊन रम्फर्डला धन मिळविता आले असते; परंतु आपले शोध सर्वांना मोकळे असावेत, असे त्याला वाटे.

आग विझली, तरी धुराड्याची ओढ थांबत नाही. खोलीतील ऊबदार हवा त्यातून निसटतच राहते. म्हणून थंड देशांत आग पूर्ण विझल्यावर घशावर झाकण लावतात. निखारे धुमसत असताना मात्र ते लावू नये. विषारी वायू घरात कोंडून प्राणावर बेतते. कायमचे निकामी झालेले धुराडे बुजवतात, तेव्हाही थोडी हवा खेळती ठेवतात. नाहीतर आत ओल धरते.

रम्फर्डची जिज्ञासा धुराड्यापाशी थांबली नाही. तोफेच्या नळ्या कोरताना त्या अतिशय तापतात, हे त्याने म्यूनिकमध्ये पाहिले होते. घर्षण चालू असेपर्यंत उष्णता निघतच राहते. तेव्हा ती एखादा द्रवपदार्थ नसून गतीचेच एक रूप असली पाहिजे, असे त्याने १७९८ मध्ये मांडले. १७९९ मध्ये लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापण्यात त्याने पुढाकार घेतला. याच संस्थेत पुढे डेव्ही व फॅरडे यांनी आपले थोर शोध लावले.

स्वभावाने तो गर्विष्ठ होता व त्याचे फार थोड्यांशी पटले. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळ ओत्यॉय येथे त्याचे निधन झाले. त्याच्या हातून चुका झाल्या, तरी त्याची एक दृष्टी घेण्यासारखी आहे. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या डोळ्यांसमोर चाललेली नासाडी त्याने पाहिली, मोजली आणि चार विटांनी थांबविली.